श्रद्धा शेवटच्या गोळीपर्यंत

घरात मोठे दुखणे आले की माणसाचे हात आपोआप जोडले जातात. एरवी देव्हाऱ्याकडे फारसा न वळणारा गृहस्थही अशा वेळी तेथे क्षणभर उभा राहतो. यात लाजण्यासारखे काही नाही, आणि हसण्यासारखे तर मुळीच नाही. जे आपल्या हाती नाही त्याचे ओझे कोणाच्या तरी चरणी ठेवावे असे वाटणे, हा मनुष्यस्वभावच आहे. तेव्हा श्रद्धा असावी की नसावी, हा येथे प्रश्न नाही. दुखण्याच्या काळात तिने घरात कोणते काम करावे, हा खरा प्रश्न आहे. कर्करोगासारखा वर्षानुवर्षे उपचार मागणारा आजार ज्या घरात शिरतो, त्या घराला या प्रश्नाचे उत्तर वेळेवर सापडणे फार अगत्याचे असते. या वेळी त्याचाच थोडा विचार करू.

बोलणे मोघम राहू नये म्हणून एक विशिष्ट आजार घेऊ. लहान मुलांना जे कर्करोग होतात, त्यांत रक्ताचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. आणि त्यातही 'ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया' अशा लांबलचक नावाचा प्रकार प्रमुख आहे. रक्त जेथे तयार होते त्या अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी पेशींना जागाच उरत नाही. मूल फिकट पडते, वरचेवर तापाने फणफणते, अंगावर कारण नसता निळेजांभळे डाग उमटतात, हातपाय दुखतात म्हणून ते रात्री रडत उठते. आता असे एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. ते सोलापूरच्या बाजूचे असेल, किंवा नोकरीच्या निमित्ताने इंदूर, हैदराबाद अथवा दिल्लीला स्थायिक झालेले असेल. घरात सातआठ वर्षांचा मुलगा आहे, त्याची धाकटी बहीण आहे, आईवडील आहेत, आजी आहे. रक्ताच्या तपासणीचा कागद हाती पडतो आणि त्या दिवसापासून घराचे घड्याळच बदलते.

या कुटुंबाला प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. आज या रोगावर उपचार आहे, आणि चांगल्या केंद्रात संपूर्ण उपचार घेणारी बहुसंख्य मुले त्यातून बरी होतात. या वाक्यातील 'संपूर्ण' हा शब्द वाचकांनी अधोरेखित करून ठेवावा. पुढे जे सांगावयाचे आहे, ते सारे त्या एका शब्दाभोवती आहे.

तो शब्द इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४८ साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना एक नवे औषध दिले. त्यांपैकी १० मुलांचा रोग मागे हटला. अंथरुणाला खिळलेली मुले उठून बसली. तोवर या रोगाला उतार पडल्याचे कोणी पाहिले नव्हते म्हटले तरी चालेल. ज्या प्रयोगशाळेतून हे औषध आले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. तरुणपणी रामकृष्ण मठात जाऊन संन्यास घ्यावा अशी त्यांची ओढ होती आणि तेथूनच त्यांना वैद्यकाकडे वळण्याचा सल्ला मिळाला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ते वर्ष संपण्यापूर्वीच सुब्बाराव निवर्तले. परंतु या हकिकतीचा शेवट गोड नव्हता. त्या मुलांचा रोग काही महिन्यांतच परतला. रक्तातून आणि मज्जेतून दिसेनासा झालेला रोग शरीरात कोठेतरी दडी मारून बसतो, हा धडा डॉक्टरांना तेव्हा मिळाला, आणि तो फार महाग पडला.

त्यावर तोड निघाली ती अनेक औषधे एकत्र आणि दीर्घकाळ देण्याची. या कामी ज्या रुग्णालयाचा मोठा वाटा आहे, त्याचा जन्म एका नवसातून झाला, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. डॅनी थॉमस नावाचा, लेबनीज वंशाचा एक अमेरिकन विनोदी नट होता. उमेदवारीच्या हलाखीच्या दिवसांत त्याने संत ज्यूड यांची करुणा भाकली आणि मार्ग दाखविलात तर आपल्यासाठी स्थान उभारीन, असा नवस बोलला. पुढे नाव आणि पैसा मिळाल्यावर त्याने तो फेडला. परंतु त्यासाठी मंदिर न बांधता, अनेकांच्या साहाय्याने मुलांचे रुग्णालय उभारले. ते १९६२ साली मेम्फिस शहरात उघडले. तेथील पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी, रोग मागे हटल्यावरही दोनतीन वर्षे उपचार चालू ठेवण्याची शिस्तबद्ध पद्धत बसविली, आणि 'हा रोग बरा होऊ शकतो' असे वाक्य प्रथमच धीटपणे उच्चारता येऊ लागले. नवस कसा फेडावा, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

आज आपल्या देशातही उपचाराची चौकट साधारणपणे तशीच असते. पहिल्या चारपाच आठवड्यांत जोराचा मारा केला जातो. त्यात शिरेतून देण्याची औषधे असतात, पोटात घेण्याची स्टेरॉइडे असतात, आणि मेंदूच्या आवरणात रोग दडू नये म्हणून पाठीच्या कण्यातून दिलेली सुईही असते. त्यानंतर काही महिने निरनिराळ्या औषधांच्या फेऱ्या चालतात. शेवटचा टप्पा सर्वांत लांब असतो. त्यात मुख्यतः घरीच गोळ्या द्यावयाच्या असतात. सर्व मिळून अडीचतीन वर्षे सहज जातात.

या औषधांपैकी व्हिन्क्रिस्टीन हे एक आपल्या आजीबाईंच्या ओळखीचे निघावे. ज्या सदाफुलीची फुले त्या रोज सकाळी परडीत वेचतात, त्याच झाडापासून ते काढलेले आहे. मणावारी पानांतून त्याचा अगदी अल्प अंश हाती लागतो आणि तो शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिला जातो. म्हणून कोणी सदाफुलीचा रस घरी काढून पाजू मात्र नये. ते झाड विषारी आहे. देवाने औषध अंगणात ठेवले, असे आजींनी खुशाल म्हणावे. परंतु ते किती आणि कसे द्यावे, हे शोधून काढण्यास माणसांना आयुष्ये वेचावी लागली, हेही नातवाला सांगावे.

आता नाजूक ठिकाणी येऊ. पहिला टप्पा संपतो, मज्जेची तपासणी होते आणि डॉक्टर सांगतात की मुलाला 'रेमिशन' मिळाले. भाषांतराचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा शब्द नेहमी अडवितो. त्याला मराठीत 'उपशम' म्हणता येईल. 'रोग मागे हटला' असेही म्हणता येईल. 'बरा झाला' असे मात्र म्हणता येणार नाही. तरीही रुग्णालयातून धर्मशाळेत, तेथून फोनवरून गावी आणि गावातून पारावर पोहोचेपर्यंत या शब्दाचे नेमके तेच भाषांतर झालेले असते. पोर बरे झाले! देव पावला!

त्या आनंदात कोणी विरजण घालावे असे आम्हांस वाटत नाही. आई एक महिना नीट जेवलेली नसते, बापाने रजा आणि कर्ज दोन्हींची मर्यादा गाठलेली असते. त्यांना हसू द्यावे. परंतु धोकाही याच क्षणी उभा असतो. मुलाची भूक परतलेली असते, ते खेळू लागलेले असते. अशा वेळी घरचीच प्रेमाची माणसे म्हणतात, "अरे, आता पोर चांगलं खेळतंय. कशाला त्याला पुन्हा सुया टोचता? देवाला बोललात ते फेडा आणि घरी या." मग कुलदैवताला जाणे होते, गावजेवण होते आणि पुढची तारीख चुकते. एक चुकली की दुसरी चुकण्यास वेळ लागत नाही. मध्येच सोडलेल्या उपचारानंतर रोग परतला, तर तो पहिल्यापेक्षा चिवट होऊन येतो आणि पहिल्या वेळची औषधे त्याला तितकीशी पुरी पडत नाहीत. उपचार अर्धवट सुटणे हे आपल्यासारख्या देशांत मुले दगावण्याचे एक मोठे कारण आहे. त्यामागे गरिबी असते, अंतर असते, आणि कधी कधी वेळेआधी फेडलेला नवसही असतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की नवस बोलावयाचाच असेल तर तो शेवटच्या गोळीचा बोलावा. "माझ्या लेकराचे औषध पुरे होऊ दे, मग तुझ्या पायरीशी येईन," असे आईने म्हणावे. शिर्डीच्या फकिराचे नाव घेताना आपण श्रद्धा आणि सबुरी हे शब्द जोडीने उच्चारतो. दुखण्याच्या घरात पहिला शब्द सर्वांना आठवतो; गरज दुसऱ्याची अधिक असते. सबुरी म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरलेले काम कंटाळा न करता करीत राहणे, हीच सबुरी होय. आणि हे बळ अंगी आणण्यास श्रद्धेइतके जुने साधन दुसरे नाही. वर्षानुवर्षे वारी न चुकविणारे घर औषधाची वारीही चुकविणार नाही.

याला अगदी व्यवहाराचे रूप देता येते. शेवटच्या टप्प्यातील एक गोळी रोज द्यावयाची असते आणि दुसरी आठवड्यातून एकदाच. डॉक्टरांनी संध्याकाळची वेळ सांगितली असेल, तर दिवेलागणीला देवापाशी दिवा लावला की रोजची गोळी द्यावी, असा नेम धरावा. दिवा विसरत नाही, तर गोळीही विसरणार नाही. आठवड्याच्या गोळीचा वार एकच ठरवून तो भिंतीवरील दिनदर्शिकेवर लाल खुणेने मांडून ठेवावा. ही गोळी चुकून रोज दिली गेली तर ती जिवावर बेतू शकते; म्हणून ती देण्याचे काम घरातील एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावे. दिलेल्या मात्रेची, तापाची आणि रक्ताच्या आकड्यांची नोंद एका वहीत ठेवावी. पोथीइतक्याच आदराने ती वही सांभाळावी.

काही पथ्ये श्रद्धाळू घरांनी विशेष पाळण्यासारखी आहेत. औषधांच्या काळात मुलाच्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि साधा जंतूही मोठा होतो. तेव्हा प्रसाद द्यावयाचा तर घरी शिजविलेला, ताजा आणि गरम द्यावा. न उकळलेले तीर्थ, कच्च्या दुधाचे पंचामृत, उघड्यावरचे पेढे यांना मुलाच्या वतीने आजींनी नमस्कार करावा. देव रागावणार नाही. यात्रेच्या गर्दीत मुलाला नेऊ नये. त्याच्याकडून उपास करवू नयेत. बालकांना आणि रुग्णांना उपासातून सूट देण्यास आपल्याकडील व्रतांनीही आडकाठी केलेली नाही. रमजानच्या रोज्यांतून आजारी माणसाला मोकळीक आहे आणि ख्रिस्ती उपवासकाळातही ती आहे. आईने स्वतःचे उपासही आवरते घ्यावेत, कारण रात्रीच्या जागरणाला अंगात त्राण लागते. कोणी काढा किंवा भस्म आणून दिले, तर ते देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, थर्मामीटर १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजेच ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक दाखवीत असेल, तर अंगारा लावून सकाळची वाट पाहू नये. अंगारा लावावा आणि त्याच पावली रुग्णालय गाठावे. या काळातील तापाला तासांचा हिशेब असतो.

श्रद्धेची एक दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. दुखणे आले की घरात कारणांचा शोध सुरू होतो. कोणाची दृष्ट लागली, कोणते कुळाचार चुकले, सुनेच्या पायगुणाने आले की पूर्वजन्मीच्या कर्माने? या शोधातून हाती काही लागत नाही; फक्त एखादे माणूस कायमचे जखमी होते, आणि बहुधा ते माणूस मुलाची आईच असते. बालकांच्या या कर्करोगात बहुतेक वेळा आईबापांनी केलेली अगर न केलेली कोणतीही गोष्ट कारण नसते. तो संसर्गाने पसरत नाही. भावंडांनी एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणात निजल्याने होत नाही. हे आजींनी आपल्या तोंडाने चारचौघांत एकदा सांगितले, तर सुनेला त्याचा आधार शंभर पारायणांहून अधिक वाटेल. धाकट्या बहिणीलाही जवळ घेऊन हेच सांगावे. लहान मुलांना पुष्कळदा वाटते की आपण भांडलो म्हणून दादा आजारी पडला. ती बोलून दाखवीत नाहीत, एवढेच.

उपचारासाठी परगावी राहणे हा या घरांपुढचा आणखी एक डोंगर असतो. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आसपास भारताच्या सर्व प्रांतांतील माणसे दिसतात. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्याच कर्करोगाने वारल्या. पतीने त्यांच्या नावे या रोगाच्या संशोधनासाठी निधी ठेवला. आणि पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. जवळच दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसे अल्प खर्चात राहतात. गाडगेबाबांनी हयातभर हाती खराटा घेतला, नवसाच्या बोकडावर आणि कर्जाच्या जेवणावळीवर कीर्तनांतून कोरडे ओढले आणि जमलेल्या पैशांतून धर्मशाळा बांधल्या. १९५६ साली ते गेले. नवसाचा पैसा कोठे लागावा, हे त्यांनी बोलून नव्हे तर बांधून दाखविले. अशा धर्मशाळेत संध्याकाळी एका कोपऱ्यात हरिपाठ चालतो, शेजारची बंगाली माउली आपल्या देवीला हात जोडते, पलीकडे कोणी नमाज पढतो, कोणी मेणबत्ती लावून माहीमच्या चर्चमधून परततो. औषध एकच, वाट पाहणे एकच. प्रार्थना निरनिराळ्या भाषांतील असल्या, तरी भाजी चिरताना त्या बायका एकमेकींना सांगतात ते एकच: कोणत्या दिवशी मूल जेवत नाही आणि तेव्हा काय करून घालावे.

पैशांविषयीही दोन शब्द. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत देते. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तेथे जाऊन विचारण्यात कमीपणा मानू नये. आप्तेष्टांनीही भेटीला येताना नारळ आणि हळहळ एवढेच न आणता प्रवासखर्चाचा थोडा भार उचलावा, घरी राहिलेल्या बहिणीची शाळा सांभाळावी, एखादी रात्र बापाच्या जागी बाकावर काढावी. तीही पूजाच आहे.

शेवटी एक कठीण गोष्ट उरते. सर्व काही नीट केले, तारीख चुकली नाही, गोळी चुकली नाही, प्रार्थना चुकली नाही, आणि तरीही काही मुले बरी होत नाहीत. ज्या घराने देवाशी सौदा केलेला असतो, त्याचे अशा वेळी मूलही जाते आणि देवही जातो. आम्ही कमी पडलो, आमचा भाव खोटा ठरला, असे म्हणत ती माणसे आयुष्यभर स्वतःला सोलत राहतात. ज्या घराने श्रद्धेकडे फक्त बळ मागितलेले असते, त्याला निदान एवढे म्हणता येते की बळ मिळाले होते. आम्ही शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होतो. दुःख त्याने कमी होत नाही. परंतु त्या दुःखात दोष मिसळलेला नसतो. वेदना शमविणारी औषधे आणि शुश्रूषा यांचे शास्त्रही आज पुष्कळ पुढे गेले आहे. रोग हटत नाही तेव्हाही मुलाच्या वेदना हटविता येतात, हे ध्यानात ठेवून ती मदत मागावी. अशा वेळी गंडेदोरे विकणाऱ्यांचा सुळसुळाट होतो. त्यांच्या मागे उरलेले दिवस आणि उरलेले दागिने घालवू नयेत. मुलाला त्या दिवसांत आईची मांडी हवी असते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आज असा प्रसंग असेल, तर त्यांनी देव्हाऱ्यापुढे अवश्य बसावे. तेथे बसून मन स्थिर करावे, आणि मग उठून आजची गोळी दिली का, उद्याची तारीख कोणती, तापाची नोंद झाली का, हे पाहावे. ज्यांच्या शेजारी असे घर असेल, त्यांनी 'देव पावला का?' असे विचारण्याऐवजी 'पुढची तारीख केव्हा आहे, सोबत येऊ का?' असे विचारावे. मुलाची शेवटची गोळी होऊन डॉक्टर 'आता नुसते तपासणीला येत जा' असे म्हणतील, तेव्हा कुलदैवताची पायरी आहे तेथेच असेल. गावजेवणाला तेव्हा आम्हांलाही बोलवावे.